बार्बाडोसला बिऱ्हाड हलवताना

बार्बाडोसला राहायला जाताना भारतातला मिक्सर नेऊ नका. तिथली वीज ११५ व्होल्टची, आपल्या निम्मी. पैशांचा हिशेब मात्र सोपा: १९७५पासून दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. भाजीसाठी शनिवारी सकाळी ब्रिजटाउनच्या चीपसाइड बाजारात जावे. रताळी, कोनफळाच्या जातीचे याम आणि कोकणातल्यांच्या ओळखीचा नीरफणसही तिथे भेटतो. नळाचे पाणी प्रवाळी चुनखडकातून गाळून येते, निर्धास्त प्यावे. दुकानात शिरताच आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे, मग काम सांगावे. ही रीत तिथे मनापासून पाळतात. न बोलता थेट वस्तू मागणे उद्धटपणाचे वाटते. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. त्याआधीच बॅटरी, डबाबंद अन्न आणि पाणी घरात भरून ठेवा.