वाघ दिसो न दिसो, जंगल पायी बघूया!

नंदाखालच्या बायकांना चालण्याचं काय कौतुक? वाडीत दिवसभर पायपीट असतेच. पण सफारी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात फक्त जीप आणि वाघ. वाघ दिसला नाही, की पैसे पाण्यात! मैत्रिणींनो, पहिल्या सफारीला वाघाच्या मागे लागूच नका. पायी आणि नावेतून जंगल बघता येईल, असं ठिकाण निवडा.

मध्य प्रदेशातला सातपुडा व्याघ्र प्रकल्प तसा आहे. बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत जीपमधून खाली उतरता येत नाही. इथे मात्र ठरलेल्या भागात गाइडबरोबर पायी हिंडता येतं. मढईला देनवा नदी नावेने ओलांडायची, मग पलीकडे जीप. अस्वल, गवा, सांबर आणि आपला राज्यप्राणी शेकरू इथे आहेत.

जायचं कधी? जुलै ते सप्टेंबर जंगल बंद असतं. दिवाळी-नाताळात गर्दी, शिवाय नाताळात आपल्या गावातून पाय निघत नाही. त्यापेक्षा फेब्रुवारी बरा. दादर किंवा कल्याणहून इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणारी गाडी पकडून पिपरियाला उतरायचं. परवाना आधीच काढा आणि त्यासाठी दिलेलं ओळखपत्र सोबत ठेवा.

खर्चाचं काय? एका जिप्सीत सहा जणी बसतात. भिशीतल्या सहा जणींनी दरमहा थोडे पैसे बाजूला टाकले, तर कोणापुढे हात पसरायला नको. चार दिवस घर कोण सांभाळणार, हेही आत्ताच घरात बोलून ठेवा.

सराव घराजवळच करा. रुळांच्या पूर्वेला 2003 मध्ये जाहीर झालेलं तुंगारेश्वर अभयारण्य आहे. हिवाळ्यात सकाळी मंदिरापर्यंत चालून या. पावसाळ्यात मात्र ओढ्यांत उतरू नका. गुडघे कुरकुरले किंवा धाप लागली, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

हे लक्षात ठेवा :
* बूट वापरून रुळलेले हवेत, कपडे मातकट रंगाचे. अत्तर नको.
* पहाटे कडाक्याची थंडी असते. स्वेटर आणि कानटोपी घ्या.
* गाइडच्या मागे एका रांगेत चाला. जनावर दिसलं तर पळू नका.
* नावेत लाइफ जॅकेट मागून घ्या. नदीत मगरी आहेत, पाण्यात हात घालू नका.
* मुलं नेणार असाल, तर पायी फेरीची वयाची अट आधी विचारा.

वाघ टीव्हीवरही दिसतो. पण ओल्या मातीतला त्याच्या पंजाचा ठसा वाकून बघायला तिथेच जावं लागतं. मग, पुढच्या भिशीला विषय काढताय ना?