गाडी तपासणाऱ्याला कोण तपासणार?

आषाढी आली की सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावची माणसे पंढरपूरला निघतात. जीप, टेंपो, बस, जे मिळेल त्यात बसतात. पण त्या गाडीचे ब्रेक बरे आहेत की नाहीत, हे आपल्याला कसे कळावे?

त्यासाठी सरकारी दाखला असतो. भाड्याने माणसे किंवा माल नेणाऱ्या गाडीला तो लागतोच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल तो नवा करतात. त्यावर मुदतीची तारीख असते. आता ती आपल्याला वाचता येते.

पण गाडी न बघताच निरीक्षकाने सही ठोकली तर? पुण्याचे श्रीकांत कर्वे हीच तक्रार घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. ब्रेक तपासायला २५० मीटरचा रस्ता हवाच, असे न्यायालयाने २०१६ साली बजावले. खरेच आहे, कचेरीच्या अंगणात गाडी मागे-पुढे करून ब्रेक थोडाच कळतो! पुढे नीट न तपासता दाखले दिले म्हणून राज्यातले बरेच निरीक्षक निलंबित झाले. निलंबित म्हणजे चौकशी होईतो कामावरून दूर.

काही ठिकाणी खाजगी केंद्रेही तपासणी करतात. त्यांनी लबाडी केली तर मान्यता काही काळ थांबते किंवा कायमची जाते. अनामत रक्कमही जप्त होते. मात्र आधी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

आणि गाडीचे काय? दाखला असूनही ती नादुरुस्त निघाली, तर कारण लिहून दाखला रद्द करता येतो. १९८८ च्या मोटार कायद्यात तसे ५६ वे कलम आहे. मग नवा दाखला मिळेपर्यंत गाडीची नोंदणी आणि परमिट, दोन्ही थांबतात.