अठरा बाइटांत वऱ्हाड

वणी तालुक्यातलं राजूर ओळखलं जातं ते कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्यासाठी. आता समजा, या गावात कुणी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल बनवतं. चार चाकं, रंगवलेली शिंगं, पाठीवर झूल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली पोरं असे बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावं लागतं. यवतमाळ-नागपूरच्या माणसाला नाही. धंदा वर्षातून एकदाच तेजीत येणार, श्रावण अमावस्येच्या आगेमागे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या वऱ्हाडी जोडप्याने किंवा परदेशातल्या नातवासाठी एखाद्या आजीने बैल मागवावा म्हणून आपला कारागीर वेबसाइट काढायचं ठरवतो.

मग चर्चा सुरू होते ती रंगाची. वर बैल पळत गेला पाहिजे, मागे घुंगरांचा आवाज पाहिजे, नाव सोनेरी पाहिजे. माझ्या मते हे सगळं दुय्यम. अशा साइटचा पहिला आणि सगळ्यांत मोठा निर्णय म्हणजे तिच्यावरची मराठी अक्षरं खरी असतील की अक्षरांचं नुसतं चित्र असेल. हा निर्णय फुकट आहे, आणि त्याच्यामागे जे दडलंय ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. आपल्याला त्यात तीनच अक्षरं दिसतात. मोबाईलच्या लेखी ते सहा वेगवेगळे आकडे आहेत: व, मग ऱ, मग पाय मोडण्याची खूण, मग ह, मग काना आणि शेवटी ड. जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना एकेक क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ साली आली. तिच्यात देवनागरीच्या मुख्य कप्प्यात १२८ जागा आहेत. नेटवर पाठवताना यातल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे आख्खं वऱ्हाड अठरा बाइटांत मावतं. गंमत त्या दुसऱ्या खुणेत आहे. नुक्ता असलेला हा ऱ युनिकोडमध्ये नोंदलाय तो द्राविडी भाषांमधला कडक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. मराठीतल्या त्या बारीक आडव्या लकेरीला, म्हणजे ‘दऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’ मधल्या अर्ध्या र ला, त्याच घरात जागा मिळाली. ती लकेर गेली तर काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको: आचाऱ्यांना द्यायचा शिधा थेट आचार्यांच्या दारात पोहोचेल.

पण आकडे पोहोचले म्हणजे अक्षरं दिसली असं नाही. ऱ, पायमोड आणि ह एकापाठोपाठ आले की त्यांचं जोडाक्षर करायचं, ‘कि’ मध्ये वेलांटी क च्या नंतर साठवलेली असली तरी ती उचलून क च्या आधी मांडायची, ‘र्क’ मधला पहिला र थेट डोक्यावर नेऊन बसवायचा, हे सगळं कुणीतरी करावं लागतं. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ नावाचा एक प्रोग्राम करतो. तो घडवण्यात मोठा वाटा आहे बेहदाद एस्फहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रामरचा. तो प्रोग्राम मुक्त आहे, कुणालाही वापरता येतो. राजूरच्या लाकडी बैलाचं वर्णन कुणी उघडलं की इराणात जन्मलेल्या माणसाच्या हाताखालून गेलेला कोड त्यातलं प्रत्येक जोडाक्षर डोळ्याची पापणी लवायच्या आत जुळवून देतो. पूर्वी छापखान्यात हे धातूचे खिळे जुळवणाऱ्याचं काम होतं, आणि त्याच्यासमोर खिळ्यांचे शेकडो कप्पे असत. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या खिळ्यांची देखणी वळणं आजही अक्षररचनाकार भिंग लावून अभ्यासतात.

अक्षर खरं नसेल तर हे सगळं वाया. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मराठी वृत्तपत्रं नेटवर आली तेव्हा त्यांचे फॉन्ट वेगवेगळे होते. आधी फॉन्ट उतरवून घ्या, मग बातमी वाचा. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. कारण त्या जुन्या फॉन्टांत क हा क नव्हताच. रोमन अक्षराच्या जागेवर क चं चित्र बसवलेलं होतं. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स यांच्या दुकानांत हे फॉन्ट अजून सर्रास चालतात. छपाईपुरते ते उत्तमच आहेत. घोळ होतो तो तिथलाच मजकूर उचलून साइटवर टाकताना. मग त्यावर उपाय म्हणून आख्खा फ्लेक्सच चित्र म्हणून चिकटवला जातो. डोळ्यांना तो वाचता येतो. पण शोधयंत्राला त्यावर भरवसा ठेवता येत नाही, अंध ग्राहकाला मोबाईल तो नीट वाचून दाखवेलच असं नाही, आणि परदेशात वाढलेल्या सुनेला त्याचं भाषांतरही एका बोटात करता येत नाही. ‘लाकडी बैल’ ही दोन शब्दांची ओळ खऱ्या अक्षरांत असेल तरच ती शोधणाऱ्याला नीट सापडते.

खरी अक्षरं म्हटली की पुढचा प्रश्न वळणाचा, आणि इथे मराठी माणसाला अभिमान वाटावा असं बरंच आहे. विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्या हातचा. कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रातले प्राध्यापक. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘मोदक’ असे फॉन्ट केले आणि ते कुणालाही विनामूल्य वापरायला खुले केले. मोदक तर नावाप्रमाणेच इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागा जेमतेम चिरेएवढ्या उरतात. ‘यात्रा वन’ हा आणखी एक मोफत फॉन्ट. मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो सुचलाय. लाकडी बैलाच्या दुकानाचं नाव मोदकात किंवा यात्रात लिहा, खुशाल. पण त्याखालचं वर्णन, किंमत, पत्ता यांना साधा मुक्ता द्या, नाहीतर अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असलेला नोटो देवनागरी. देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांसकट शेकडो आकार असतात, त्यामुळे त्याची फाइल रोमनपेक्षा जड असते. चार-चार फॉन्ट लावले तर रेंज कमी असलेल्या जागी पान रखडलंच म्हणून समजा.

आता जे सांगतो ते साइट बनवणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसतं. पानाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच त्या पानाची भाषा नोंदवायची सोय असते. मराठीसाठी तिथे एम आणि आर ही दोन रोमन अक्षरं लिहायची. एवढंच. पण ज्या फॉन्टांत मराठीची वेगळी तजवीज केलेली आहे, त्यांत या दोन अक्षरांसरशी ल आणि श यांचे आकार बदलतात. हिंदीच्या वळणाचा उभ्या दंडाचा ल जाऊन पाकळ्यांचा ल येतो, गाठीचा श जाऊन देठाचा श येतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी प्रमाण ठरवलेले आकार हेच. म्हणजे फॉन्टाच्या पोटात दोन्ही ल झोपलेले असतात, आणि कोणाला उठवायचं ते पान सांगतं. शिवाय मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामलाही हा मजकूर मराठी आहे, हिंदी नव्हे, हे इथूनच कळतं.

परदेशी साच्यातून साइट बनवताना एक हमखास फजिती होते. रोमन मथळ्यात अक्षरं विरळ ठेवण्याची फॅशन आहे. तोच साचा मराठीला लावला की शिरोरेषा तुटते आणि ‘लाकडी’चे तीन तुकडे तीन दिशांना उभे राहतात. दोन ओळींमधलं अंतरही रोमनच्या मापाचं असतं. मग वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांच्या अंगावर येतात. विरळपणा शून्य आणि ओळींमध्ये सढळ जागा, या दोन सूचना बनवणाऱ्याला पहिल्याच दिवशी द्याव्यात.

फोटोकडे वळू, कारण वजन तिथे आहे. हजार शब्दांचं मराठी पान वीस-पंचवीस किलोबाइटांच्या घरात बसतं. फोनने काढलेला बैलाचा एक फोटो तीन-चार मेगाबाइट, म्हणजे शंभरपटीहून जड. बारा मेगापिक्सेलचा फोटो चार हजार ठिपके रुंद असतो आणि बघणाऱ्याच्या फोनचा पडदा साधारण एक हजार ऐंशी ठिपक्यांचा. तो फोटो पडद्याच्या मापात आणला तर ठिपके सुमारे चौदापट कमी होतात आणि फरक कुणाला दिसत नाही. उरलेली काटकसर करते १९९२ साली ठरलेली जेपेग ही पद्धत. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. जेपेग नेमका याचाच फायदा उठवतं. रंगाची माहिती ढोबळ ठेवायची, मग चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि त्यातले डोळ्याला न जाणवणारे तपशील टाकून द्यायचे. झुलीवरच्या लाल रंगाची बरीचशी माहिती फाइलमध्ये नसतेच, आणि तरी झूल लालच दिसते.

फोटो कसा काढावा यावर माझं एकच म्हणणं: बैलाशेजारी लहान मुलाचा हात असू द्या. ‘उंची नऊ इंच’ वाचून जे कळत नाही ते हाताने कळतं. आणि किंमत लिहा. ‘किमतीसाठी संपर्क करा’ हे वाचून गिऱ्हाईक संपर्क करत नाही, पुढच्या साइटवर जातं.

रंगाचं म्हणाल तर त्याला चक्क मोजमाप आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढतात. काळं अक्षर पांढऱ्यावर असेल तर ते २१, आणि वेबचे नियम ठरवणारी जागतिक संस्था साध्या मजकुराला किमान ४.५ असावं असं सांगते. पांढऱ्यावर शुद्ध पिवळं अक्षर १.०७ वर येतं, म्हणजे जवळपास अदृश्य. शुद्ध लालसुद्धा चारच्या आसपास राहून नापास होतो. गडद कुंकवाचा रंग मात्र आरामात पास. पडद्यावर ऊन पडलं की ते काळ्या भागावर आणि पांढऱ्या भागावर सारखाच उजेड ओततं, त्यामुळे गुणोत्तर आणखी कोसळतं. विदर्भातल्या उन्हात, एसटीच्या थांब्यावर उभं राहून फोन बघणाऱ्या माणसासाठी सोनेरी नावाचा हट्ट सोडावा तो यासाठी.

पत्ताही मराठीत घेता येतो. २०१४ पासून ‘.भारत’ ने संपणारी नावं मिळतात. पण नेटची पत्ते शोधणारी यंत्रणा मुळात रोमन अक्षरांवर उभी आहे. म्हणून आपण ‘भारत’ लिहिलं की ब्राउझर त्याचं एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे एच २ बी आर जे ९ सी असं रूपांतर करतो, ते नाव शोधतो आणि आपल्याला पुन्हा ‘भारत’ दाखवतो. हा सगळा खटाटोप पडद्यामागे चालतो. मराठी पत्ता जरूर घ्या, पण जोडीला साधा रोमन पत्ताही ठेवा. अजून अनेक अर्ज आणि ॲप मराठी पत्ता पाहिला की अडखळतात.

आणि शेवटी गावाचं नाव. राजूर महाराष्ट्रात एकच नाही. अकोले तालुक्यात एक आहे, जालना जिल्ह्यात राजुरेश्वर गणपतीचं एक आहे. नुसतं ‘राजूर’ लिहिलं तर बैल शोधणारा गणपतीला पोहोचायचा. तेव्हा पानाच्या तळाशी, चित्रात नव्हे तर खऱ्या अक्षरांत, पूर्ण लिहा: राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ. जमलं तर त्यापुढे ‘कॉलरी’ही लिहा, कारण पुष्कळ लोक गावाचं नाव तसंच टाइप करतात.