आंतरक्रियात्मक ऑनलाइन अभ्यासक्रम : रचना आणि अध्ययनाचा मागोवा

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले आणि अल्पावधीतच बहुतांश अध्यापन संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. त्या काळात उभे राहिले ते प्रामुख्याने ऑनलाइन वर्ग होते. ऑनलाइन अभ्यासक्रम ही त्याहून वेगळी गोष्ट होय. वर्गातील पाऊण तासाचे व्याख्यान कॅमेऱ्यासमोर देणे आणि प्राध्यापक समोर नसताना विद्यार्थ्याकडून अध्ययन घडवून आणणारी रचना सिद्ध करणे, या दोहोंत मूलभूत अंतर आहे. दूरशिक्षणाच्या क्षेत्रास हे अंतर पूर्वीपासून ज्ञात होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांच्या स्वयं-अध्ययन साहित्याची कल्पनाच अशी की, पुस्तकाने दर काही पानांनंतर थांबून वाचकास प्रश्न विचारावा आणि उत्तर पडताळून पाहण्याची सोय करावी. छापील पुस्तकास जे साधत होते, ते अनेक ऑनलाइन अभ्यासक्रमांस साधू नये, हे आश्चर्यकारक आहे.

हा प्रश्न आता केवळ अध्यापनशास्त्राचा राहिलेला नाही. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी या मंचावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रात २० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्यास मुभा दिली होती. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. पदवीचा एवढा भाग ज्या माध्यमातून मिळू शकतो, त्या माध्यमात विद्यार्थी प्रत्यक्षात शिकला किंवा नाही हे कशावरून ओळखावे, याचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आंतरक्रिया : अर्थ आणि विपर्यास

मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातील आंतरक्रियेचे तीन प्रकार सांगितले : विद्यार्थी आणि आशय, विद्यार्थी आणि अध्यापक, तसेच विद्यार्थी आणि विद्यार्थी. हे वर्गीकरण आजही उपयुक्त आहे. कारण ‘आंतरक्रियात्मक’ या विशेषणाखाली जे काही खपवले जाते त्याची परीक्षा त्यावरून घेता येते. ‘पुढे’ असे लिहिलेले बटण दाबणे ही पान उलटण्याचीच क्रिया आहे. विद्यार्थ्याने काही करावे, त्याच्या कृतीनुसार प्रतिसाद बदलावा आणि त्या प्रतिसादामुळे त्याचा पुढील विचार बदलावा, तेव्हाच आंतरक्रिया घडली असे म्हणता येईल. ‘स्वयम्’ची चतुष्पाद रचना, म्हणजेच दृक्‌श्राव्य पाठ, वाचन-साहित्य, चर्चामंच आणि स्वयं-मूल्यमापन, या तिन्ही प्रकारांना वाव देते. प्रत्यक्षात मात्र पहिल्या दोन पादांवर श्रम होतात आणि उरलेले दोन शेवटच्या आठवड्यात उरकले जातात.

रचनेचा प्रारंभ प्रश्नापासून

अभ्यासक्रमाची रचना करताना आधी चित्रफिती, नंतर टिपणे आणि अखेरीस चाचणी असा क्रम सर्रास आढळतो. तो उलटा करणे इष्ट. वाणिज्य शाखेच्या संख्याशास्त्रातील ‘प्रमाण विचलन’ हा परिचित घटक उदाहरणादाखल घेता येईल. ‘विद्यार्थ्यास प्रमाण विचलन समजेल’ असे उद्दिष्ट लिहिल्यास त्यावरून ना पाठ रचता येतो, ना मूल्यमापन करता येते. त्याऐवजी, ‘सरासरी समान असलेल्या दोन फलंदाजांपैकी अधिक सातत्य कोणाचे, हे विद्यार्थी गणन करून सकारण सांगेल’ असे लिहिले की कोणता प्रश्न विचारावयाचा आणि त्यासाठी कोणता आशय पुरेसा आहे, हे आपोआप निश्चित होते.

समजा, पहिल्या फलंदाजाच्या पाच डावांतील धावा ३८, ४०, ४२, ३९, ४१ अशा आहेत आणि दुसऱ्याच्या ०, १००, १०, ८०, १० अशा आहेत. दोघांचीही सरासरी ४० येते. पहिल्याचे प्रमाण विचलन सुमारे १.४१, तर दुसऱ्याचे सुमारे ४१.४७ आहे. पहिल्या फलंदाजाविषयीच्या बहुपर्यायी प्रश्नात चुकीचे पर्याय कोणते द्यावेत, यातच रचनाकाराची कसोटी लागते. विचलनांचे वर्ग न करता बेरीज करणाऱ्या विद्यार्थ्यास शून्य मिळेल. वर्गमूळ काढावयास विसरणाऱ्यास २ मिळतील. वर्गांच्या बेरजेस पाचाने न भागता थेट वर्गमूळ काढणाऱ्यास ३.१६ मिळेल. पाचाऐवजी चाराने भागणाऱ्यास १.५८ मिळेल, आणि येथे तर विद्यार्थी पूर्णतः चुकलेला नाही, त्याने नमुन्यासाठीचे सूत्र वापरले आहे. यांतील प्रत्येक पर्यायास स्वतंत्र प्रत्याभरण जोडता येते. ‘उत्तर चूक, पुन्हा प्रयत्न करा’ या वाक्याने विद्यार्थ्यास काहीही शिकविले जात नाही. ‘सरासरीपासूनच्या विचलनांची बेरीज नेहमीच शून्य येते, ऋण चिन्हे नाहीशी करण्यासाठी काय करावे लागेल?’ असा प्रतिप्रश्न मात्र त्याला त्याच्या चुकीच्या नेमक्या ठिकाणी नेऊन उभा करतो. मूडल या मुक्त प्रणालीत प्रत्येक पर्यायासाठी असे प्रत्याभरण लिहिण्याची चौकट उपलब्ध आहे. मार्टिन डुगियामस यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती चौकट बहुधा रिकामीच असते.

चाचणी ही केवळ मोजमापासाठी असते, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, पुन्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिण्याची चाचणी दिलेल्यांनी त्यांना मागे टाकले. तात्पर्य, छोट्या चाचण्या पाठाच्या अखेरीस एकत्र करण्यापेक्षा पाठात विखुरणे आणि मागील घटकावरील एक-दोन प्रश्न पुढील घटकात पुन्हा विचारणे हितावह ठरते.

चित्रफितीच्या लांबीविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. ग्वो, किम आणि रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स मंचावरील ६९ लाख दर्शन-सत्रांचे विश्लेषण केले. चित्रफीत कितीही लांब असली, तरी प्रेक्षक टिकण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. तरीही पूर्ण तासिकेचे चित्रीकरण जसेच्या तसे मंचावर चढविले जाते.

चर्चामंचाची स्थिती अधिक बिकट आहे. ‘काही शंका असल्यास येथे विचारा’ अशी सूचना लिहिलेला मंच सत्र संपेपर्यंत सुना राहतो. शंका विचारणे म्हणजे अज्ञान प्रकट करणे, ही भीती वर्गातून पडद्यावर तशीच येते. विद्यार्थ्याने काहीतरी स्वतःचे आणावे, असे काम दिल्यास चित्र बदलू शकते. उदाहरणार्थ, जवळच्या बाजार समितीतील कांद्याचे सलग पाच दिवसांचे दर आणून प्रत्येकाने त्यांचे प्रमाण विचलन काढावे आणि दोन सहाध्यायांची आकडेमोड तपासावी. मूडलमधील प्रश्नोत्तर प्रकारच्या मंचावर स्वतःचे उत्तर नोंदविल्याविना इतरांची उत्तरे दिसत नाहीत. त्यामुळे नकलेस काही अंशी आळा बसतो. आकडे प्रत्येकाचे निराळे असल्याने उरलेली नक्कलही निरुपयोगी ठरते.

मागोवा : काय मोजले जाते?

ऑनलाइन प्रणाली प्रत्येक कृतीची नोंद ठेवते आणि नोंदींचे प्रमाणच एवढे असते की त्यांतून सर्व काही कळले असा भास होतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने मार्च २०१२ मध्ये ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. १,५४,७६३ जणांनी नावे नोंदविली. ७,१५७ जणांस प्रमाणपत्र मिळाले. सुमारे ४.६ टक्के हे प्रमाण त्यानंतर खुल्या अभ्यासक्रमांच्या अपयशाचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केले गेले. तथापि मधला टप्पा पाहणे उद्बोधक ठरते. पहिल्या स्वाध्यायात किमान एक गुण मिळविणारे २६,३४९ होते. म्हणजे गळतीपैकी सुमारे ८७ टक्के गळती पहिला गुण मिळण्यापूर्वीच झाली होती. काम सुरू करणाऱ्यांपैकी २७ टक्के शेवटपर्यंत पोहोचले. एकाच नोंदवहीतून ही दोन चित्रे निघतात. भाजक कोणता धरावा, हा निर्णय संगणक घेत नाही.

महाविद्यालयाच्या पातळीवर हाच प्रश्न निराळ्या रूपाने येतो. नोंदवहीत ‘साहित्य पाहिले’ असे दिसते, तेव्हा पान उघडले गेले एवढेच सिद्ध होते. उघडे पान ठेवून विद्यार्थी जेवावयास गेला असेल. उलटपक्षी, एखादी विद्यार्थिनी टिपणाची फाइल एकदा उतरवून घेते, एसटीच्या प्रवासात जोडणीविना ती तीनदा वाचते आणि नोंदवहीत मात्र तिच्या नावापुढे दोन मिनिटे उमटतात. घरातील एकच फोन दोघा भावंडांत वाटून घेणारे विद्यार्थी रात्री उशिरा, थोड्या वेळासाठी प्रणालीत येतात. वेळेच्या नोंदीवरून अंतर्गत गुण देणारी पद्धत अशा विद्यार्थ्यांस दंड करते आणि ज्याच्या घरी अखंड जोडणी आहे त्यास बक्षीस देते. हा अन्याय आकड्यांच्या रूपात येत असल्याने तो सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

आकड्यांचा अर्थ लावताना जाणकारही चकतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने ‘कोर्स सिग्नल्स’ ही योजना राबविली. विद्यार्थ्यांचे गुण, प्रणालीतील वावर आणि पूर्वीची शैक्षणिक कामगिरी यांवरून त्यांस हिरवा, पिवळा वा लाल दिवा दाखविला जाई. या योजनेतील दोन किंवा अधिक अभ्यासक्रम घेतलेले विद्यार्थी विद्यापीठात अधिक टिकून राहिल्याचे २०१२ मध्ये मांडले गेले. २०१३ मध्ये समीक्षकांनी साधी शंका उपस्थित केली : जो विद्यार्थी पहिल्या सत्रानंतरच विद्यापीठ सोडून गेला, तो असे दोन अभ्यासक्रम घेणार तरी कसा? म्हणजे अधिक अभ्यासक्रम घेतल्याने ते टिकले की टिकल्यामुळे अधिक अभ्यासक्रम घेऊ शकले, हे त्या आकड्यांवरून ठरविता येत नव्हते. हजेरी आणि निकाल यांचा संबंध जोडणाऱ्या आपल्याकडील अहवालांसही ही शंका तितकीच लागू पडते.

उपयुक्त मागोवा कोणता?

वरील उदाहरणातील प्रश्नाकडे पुन्हा वळता येईल. साठ विद्यार्थ्यांपैकी पंचवीस जणांनी ‘२’ हा पर्याय निवडला, असे समजू. विचलनांचे वर्ग करणे वर्गास समजले आहे, परंतु वर्गमूळ कशासाठी घ्यावयाचे ते पाठातून पोहोचलेले नाही, ही माहिती अध्यापकास त्याच सायंकाळी मिळते. विद्यार्थी किती वेळ पडद्यासमोर होता, यापेक्षा हे ज्ञान कितीतरी मोलाचे आहे. कारण त्यावरून दोष पाठाचा आहे हे कळते आणि पाठ दुरुस्त करता येतो. मूडलच्या चाचणी-अहवालात प्रत्येक प्रश्नाची सुलभता आणि भेदकता यांचे निर्देशांकही मिळतात. एखाद्या प्रश्नाची भेदकता ऋण आली, म्हणजेच हुशार विद्यार्थी चुकले आणि इतरांचे उत्तर बरोबर ठरले, तर प्रथम उत्तरसूची तपासावी. पुष्कळदा चूक तेथेच सापडते.

दुसरा उपयुक्त संकेत म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांतील शांतता. ज्याने एकही स्वाध्याय सादर केलेला नाही, अशा विद्यार्थ्यांची यादी दर सोमवारी काढणे सोपे आहे. परंतु यादीनंतर कोणीतरी दूरध्वनी करून विचारपूस करणार असेल, तरच ती काढण्यास अर्थ आहे. प्रणालीने आपोआप पाठविलेली सूचना आणि अध्यापकाने नाव घेऊन केलेली चौकशी यांचा परिणाम सारखा नसतो. अडचण अनेकदा विषयाची नसून विसरलेल्या परवलीच्या शब्दाचीच असते.

या नोंदींवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न महाविद्यालयांत क्वचितच चर्चिला जातो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि बालकांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यावर त्यात निर्बंध आहेत. शैक्षणिक संस्थांच्या कामासाठी काही सवलती आहेत, तथापि त्या अमर्याद नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयाचे बहुतेक विद्यार्थी आणि प्रथम वर्षाचेही काही विद्यार्थी या वयोगटात मोडतात. कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, त्या कोण पाहतो आणि सत्रानंतर त्या केव्हा पुसल्या जातात, हे अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानावर सोप्या मराठीत लिहिणे त्यामुळे आवश्यक ठरते. लाल दिव्यांची यादी विभागाच्या सूचनाफलकावर वा विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप समूहावर लावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ती अध्यापक आणि संबंधित विद्यार्थी यांच्यापुरतीच असावी.