समुद्री विमानाचं मॉडेल: अर्धं विमान, अर्धी होडी

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा अलिबाग, रेवदंडा, मुरुडच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या दिसतात. एखाद्या होडीजवळ जा आणि तिचा तळ नीट बघा. पुढच्या टोकाला रंग लाटांनी घासलेला असतो. पाणी जिथपर्यंत चढतं तिथे हिरवट-तपकिरी पट्टा असतो आणि त्याच्या वर सुकलेल्या मिठाचे पांढुरके ओघळ. दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्री विमानाचं प्लास्टिक मॉडेल करायचं असेल, तर तुमचा पहिला अभ्यास इथेच होतो.

कोणतं विमान?

आपण कॅटलिना घेऊ. पाण्यावर उतरणारी विमानं मुख्यतः दोन प्रकारची असतात. काहींच्या खाली वेगळे तरंगे लावलेले असतात, तर काहींचं धडच होडीसारखं असतं. कॅटलिना दुसऱ्या प्रकारातली. या विमानांचे तळ आपल्या भागातही होते: कराचीची कोरंगी खाडी, मद्रासजवळचा रेड हिल्स तलाव आणि श्रीलंकेतलं कोग्गला.

४ एप्रिल १९४२ रोजी कोग्गलाहून निघालेल्या अशाच एका कॅटलिनाला जपानी आरमार श्रीलंकेच्या दिशेने येताना दिसलं. कॅनडाच्या ४१३ स्क्वाड्रनचे लेनर्ड बर्चल हे तिचे कप्तान. संदेश पाठवणं चालू असतानाच जपानी लढाऊ विमानांनी ती पाडली. नऊ जणांपैकी सहा जण वाचले आणि युद्धकैदी झाले. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला, पण शहर सावध होतं. टेबलावर ठेवायचं मॉडेल अशा विमानाचं असेल, तर ते शक्य तितकं खरं दिसायला हवं.

तळाची पायरी जपा

कॅटलिनाच्या पंखांचा विस्तार सुमारे ३१.७ मीटर. १/७२ प्रमाणात तो ४४ सेंटीमीटर होतो, म्हणजे कपाटातली जागा आधी मोजून घ्या.

धडाचे दोन भाग चिकटवल्यावर सांधा घासावा लागतो. इथे एक चूक सर्रास होते. तळाला मध्यावर एक पायरी असते आणि घासताना तिची धार गोल होऊन जाते. ही पायरी शोभेची नाही. वेग घेताना विमान पाण्यावर घसरू लागतं. तेव्हा पाणी पायरीच्या धारेवर तुटतं, मागच्या भागाखाली हवा शिरते आणि तळाला धरून ठेवणारी पाण्याची ओढ कमी होते. हे झालं नाही तर विमान पाण्यातून सुटणं फार अवघड. म्हणून तिथे लहान पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून, धार सांभाळत घासा.

बाजूच्या फुगीर पारदर्शक खिडक्यांना सुपरग्लू वापरू नका. त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरी साय धरते. पांढरा फेव्हिकॉल पुरतो.

पावसाळी हवेत रंग

कोकणातल्या दमट हवेत लॅकर रंग फवारला की कधी कधी तो दुधाळ दिसतो. थिनर भरभर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ रंगावरच थिजते. उपाय सोपे आहेत: मुसळधार पावसाच्या दिवशी फवारणी टाळा, हळू उडणारा थिनर म्हणजे रिटार्डर मिसळा आणि थर पातळ ठेवा. डिकल्सचा कागद सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

डिकल्स लावताना वर्षही बघा. १९४२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पद्धतीच्या गोल चिन्हात मधला लाल ठिपका होता. पुढे जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून आशियातल्या विमानांवरून तो काढून टाकला गेला.

होडीकडून काय घ्यायचं, काय नाही

घासलेला रंग दाखवायला मीठच वापरता येतं. आधी चंदेरी थर द्या. तो सुकला की ओल्या ब्रशने पाणी लावून मिठाचे बारीक खडे चिकटवा, पूर्ण वाळू द्या, वर करडा रंग फवारा आणि मग मीठ झाडून टाका. पावसाळ्यात मीठ पाणी सोडतं, त्यामुळे हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून वाळवा. हे खडे पुढच्या टोकाला आणि पायरीच्या पुढे जास्त टाका, कारण पाण्याचा मारा तिथेच बसतो. पाण्याच्या रेषेवर पातळ हिरवट-तपकिरी वॉश द्या, वर मिठाचे फिकट ओघळ काढा.

पण होडीच्या खिळ्यांभोवतीचा लालसर गंज जसाच्या तसा उचलू नका. कॅटलिनाचं धड ॲल्युमिनियमचं आहे. त्याला लाल गंज चढत नाही, पांढरट-करडी भुकटी येते. तांबूस रंग फक्त नांगरासारख्या लोखंडी वस्तूंना द्या. तसंच पंखाचा मागचा भाग आणि शेपटीचे हलणारे भाग कापडाने मढवलेले असायचे. तिथे चंदेरी ओरखडे काढले तर जाणकाराला चूक लगेच दिसते.

म्हणून प्रत्येक डाग देण्याआधी दोन प्रश्न विचारा: इथे पाणी पोचत होतं का? आणि खाली धातू आहे की कापड? दोन्हींचं उत्तर मिळालं नाही, तर तो डाग देऊ नका. होड्या अजून किनाऱ्यावरच आहेत. मोबाईलमध्ये दोन-चार फोटो काढून आणा आणि मगच ब्रश हातात घ्या.