देशी स्पोर्ट्स कार : हवी की नको?

पुणे ते विजयदुर्ग. सोबत एक छोटी पण भन्नाट हॅचबॅक, एक टेन्शनमध्ये असलेला मामेभाऊ आणि एक प्रश्न : रोजच्या गाड्या बनवणाऱ्या आपल्या कंपन्यांनी खरीखुरी स्पोर्ट्स कार बनवावी का?

लंच टाइम. कुणीतरी मोबाइलवर एखाद्या लालभडक, जमिनीला टेकलेल्या गाडीचा फोटो दाखवतं. दोन मिनिटं ‘वॉव’, ‘सही’, ‘कसली आहे यार’ वगैरे होतं. मग कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतंच, ‘‘अरे, पण आपल्या रस्त्यांवर चालवणार कुठे?’’ विषय खल्लास. डबे बंद, सगळे आपापल्या क्युबिकलमध्ये.

ते वाक्य मीही कितीदा तरी टाकलंय. गेल्या महिन्यात मात्र एका वीकेण्डनं माझी पंचाईत केली.

त्याचं असं झालं. माझा मामेभाऊ पुण्यात गाड्यांचं सस्पेन्शन ट्यून करतो. म्हणजे खड्ड्यातून जाताना तुमच्या हातातला चहा सांडू नये, याचा पगार घेतो. वय एकतीस. त्याला जर्मनीतून नोकरीची ऑफर आली. ही बातमी विजयदुर्गला घरी जाऊन सांगायची होती आणि एकट्यानं सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मला घेतलं. ‘‘तू पत्रकार आहेस, तुला बोलता येतं,’’ असं त्याचं लॉजिक!

पहाटे चारला निघालो. गाडी त्याचीच, सेकंडहॅण्ड टियागो जेटीपी. लांबून पाहिलीत तर शेजारच्या काकांची टियागो वाटेल. पण बॉनेटखाली मामला वेगळा आहे. टाटांनी कोइमतूरच्या जयेम कंपनीसोबत २०१८मध्ये ही गाडी आणली. साध्या टियागोत ८५ हॉर्सपॉवर, हिच्यात टर्बो लावून ११४. सस्पेन्शन थोडं खाली, थोडं कडक. सुरुवातीची किंमत ६ लाख ३९ हजार. आणि २०२०मध्ये बीएस-६चे नियम आले तेव्हा गाडी बंद! जेमतेम दोन वर्षांचं आयुष्य. आता या गाडीचे मालक एकमेकांना सिग्नलला ओळख दाखवतात म्हणे.

काटा चाळीसवर

कोल्हापूरला मिसळ हाणली आणि गगनबावड्याला गाडी माझ्या हातात आली. पाऊस नुकताच संपलेला, घाट हिरवागार. मी सवयीप्रमाणे स्पीडोमीटरकडे बघत होते. भाऊ म्हणाला, ‘‘काट्याकडे नको बघू. गाडी हाताला काय सांगतेय ते ऐक.’’

खरं सांगू? काही वळणांनंतर कळलं. स्टिअरिंग जरा वळवलं की गाडीचं नाक लगेच वळत होतं. ब्रेक दाबला की अंग पुढे झुकण्याआधी गाडी शहाण्यासारखी बसत होती. टायर कुठे पकड धरतोय, ते सीटमधून समजत होतं. आणि काटा? चाळीसच्या आसपास! अख्ख्या घाटात मी एकही नियम मोडला नाही, एकही ओव्हरटेक केला नाही, तरी खाली वैभववाडीला उतरले तेव्हा माझा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता.

‘‘हेच काम मला करायचंय,’’ भाऊ म्हणाला. ‘‘इथे मी गाडी आरामदायक करतो. तिला जिवंत करायचं काम इथे फारसं निघतच नाही.’’

जिनिव्हात दिसली, घरी नाही आली

असं नाही की कुणी प्रयत्नच केले नाहीत. शेजारच्या गोव्यात, सॅन मोटर्सनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ काढली होती. फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, साठेक हॉर्सपॉवर आणि उघडं छप्पर. दिलीप छाब्रियांची ‘अवंती’ २०१२च्या ऑटो एक्स्पोत झळकली. पण या छोट्या कंपन्या. आपला सवाल आहे तो मोठ्यांना, ज्यांच्या गाड्या प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात.

मोठ्यांमध्ये टाटांनी स्वप्न दाखवलं, तेही अनेकदा. २०००मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये ‘आरिया रोडस्टर’, पुढच्या वर्षी ‘आरिया कूपे’. आणि मार्च २०१७मध्ये, तिथेच, ‘टॅमो रेसमो’. दोन सीट, मधोमध इंजिन, वर उघडणारे दरवाजे. इंजिन कुठलं? तेच आपलं १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल रेव्होट्रॉन, पण १९० हॉर्सपॉवरचं. शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा. २०१८च्या ऑटो एक्स्पोत तिची विजेवर चालणारी बहीणही दिसली. मग प्रकल्प बाजूला पडला. शोरूममध्ये रेसमो काही आली नाही.

महिंद्रांची कथा आणखी मजेदार. त्यांनी इटलीची पिनिनफरिना ही डिझाइन कंपनी ताब्यात घेतली आणि २०१९मध्ये ‘बॅटिस्टा’ जगापुढे आणली. १,९०० हॉर्सपॉवर, विजेवर चालणारी, फक्त १५० गाड्या, बनणार इटलीत. म्हणजे भारतीय पैशातून हायपरकार होऊ शकते. पण ती तुमच्या-माझ्यासाठी नाही, आणि तिच्यावर काम करणारा इंजिनीअर चाकणला बसत नाही.

नको म्हणणाऱ्यांचंही ऐकू

दुपारी तळेरे सोडलं, पडेल कॅन्टीनला चहा झाला आणि समुद्राचा खारा वास आला. घरी मामींनी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी तयार ठेवली होती. मामा मात्र आधी गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मामा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी घाटात.

‘‘एवढ्याशा गाडयेचो केवढो आवाज!’’ मामा म्हणाले. मी उत्साहानं शून्य ते शंभर दहा सेकंदांत वगैरे सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. ‘‘गाडी किती पळता ह्येचा माका कौतुक नाय गो. सांगितल्या जाग्यार उभी ऱ्हवता काय, ता सांग.’’ मग जरा थांबून, ‘‘वळणार गाडी मारणारे लय बघलंय. त्येतले कायजण घराक पोचले नाय.’’

यावर काय बोलणार? २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात यातल्या दहापैकी सात मृत्यूंपुढे कारण लिहिलंय, अतिवेग. अशा देशात कंपन्यांनी वेगाची जाहिरात करावी का, हा प्रश्न बाळबोध नाही.

दुसरा आक्षेप तुमच्या ऑफिसातला फायनान्सवाला घेईल. २०२४-२५मध्ये आपल्याकडे साधारण ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या जवळपास ६५ टक्के एसयूव्ही आणि त्यांच्या भावकीतल्या. आई-बाबा, पोरं, बॅगा, सगळं मावणारी गाडी हवी असते आपल्याला. दोन सीटची गाडी म्हणजे बायकोला ‘तू रिक्षानं ये’ सांगण्यासारखं!

तिसरा आक्षेप नवा आहे. वेगच हवा असेल, तर तो आता फॅमिली गाडीतही मिळतो. महिंद्रांची बीई ६ शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत जाते, टाटांची हॅरिअर ईव्ही ६.३ सेकंदांत, असं या कंपन्याच सांगतात. मग वेगळी स्पोर्ट्स कार कशाला?

गुराब आणि गलबत

मला उत्तर सापडलं ते गिर्ये गावाजवळ, वाघोटनच्या खाडीकाठी. संध्याकाळी भाऊ मला तिथली मराठा आरमाराची जुनी गोदी दाखवायला घेऊन गेला. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की तळाची डागडुजी करायची. आता तिथे शांतता असते.

त्या आरमारात मुख्य जहाजं दोन प्रकारची होती. गुराब म्हणजे मोठं, तोफांचं जहाज. गलबत म्हणजे छोटं, हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. आणि वारा पडला की हीच छोटी गलबतं मोठ्या गुराबांना दोर लावून ओढत लढाईत न्यायची!

माझ्या डोक्यात एकदम लाइट लागला. स्पोर्ट्स कार हे कंपनीचं गलबत आहे. ती स्वतः फार माल वाहणार नाही, पण बाकीच्या ताफ्याला ओढते. कशी? हलकी गाडी बनवताना प्रत्येक किलोचा हिशेब करावा लागतो. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांत चुकीला जागा नसते. हे शिकलेला माणूस उद्या तुमच्या एसयूव्हीवर बसतो, तेव्हा ती एसयूव्हीही पावसात वेळेवर थांबते. मामांना हवी असते तशी! आजच्या वेगवान ईव्हींचं वजन दोन टनांच्या घरात आहे. त्यांना पळवणं मोटरमुळे सोपं झालंय. वळवणं आणि थांबवणं हीच खरी परीक्षा.

पैशाचं म्हणाल, तर माझदा काही अवाढव्य कंपनी नाही. तिची दोन सीटची एमएक्स-५ १९८९मध्ये आली आणि २०१६पर्यंत दहा लाख गाड्या बनल्या. ताकद बेताची, वजन कमी, किंमत आवाक्यातली. टोयोटासारख्या बलाढ्य कंपनीनंही एकटीनं खर्च केला नाही. २०१२ची ८६ सुबारूसोबत केली, २०१९ची सुप्रा बीएमडब्ल्यूसोबत. म्हणजे ‘परवडत नाही’ याला ‘वाटून घ्या’ हे उत्तर आहे.

आणि मामांचा आक्षेप? तो मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच अशी गाडी विकताना चावीसोबत ट्रॅकवरचं ट्रेनिंग द्यायलाच हवं. चेन्नई, कोइमतूर, ग्रेटर नोएडा इथे ट्रॅक आहेत. कोल्हापुरात कार्टिंगची ट्रॅक आहे. वेगाची हौस भागवायला कायदेशीर जागा दिली नाही, तर पोरं ती महामार्गावर भागवतात, हे आपण रोज पेपरात वाचतोच.

तर माझं मत बदललंय. हवी. पण हायपरकार नको, बॅटिस्टाची छोटी नक्कल नको. घाटात चाळीसच्या स्पीडला हसवणारी हवी.

आमची ऑर्डर लिहून घ्या!

लांबी : चार मीटरच्या आत. इंजिन : १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल. कारण? २२ सप्टेंबर २०२५पासून एवढ्या छोट्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्यांवर ४० टक्के. गंमत म्हणजे रेसमोची लांबी होती ३,८३५ मिलिमीटर आणि इंजिन १.२ लिटर. आज आली असती तर आरामात १८ टक्क्यांत बसली असती!

वजन : एक टनाच्या आसपास. गिअर : हातानं टाकायचे. ब्रेक : मामा पास करतील असे. ट्रॅकवरचे दोन दिवस : किमतीतच.

‘‘शिकान ये’’

रात्री जेवणं झाली. मी तोंड उघडण्याआधीच भावानं सांगून टाकलं. मामी उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला. मामा बराच वेळ गप्प.

‘‘हयसर तसा काम नाय?’’

‘‘नाय,’’ भाऊ म्हणाला. ‘‘अजून तरी नाय.’’

मामांनी खुंटीवरून चावी घेतली. म्हातारा ड्रायव्हर आणि पोरगा दोघं गाडीत बसले, मी मागे. बंदराच्या रस्त्यानं निघालो. मामांनी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. जेटीच्या अलीकडे रस्ता मोकळा बघून त्यांनी एकदाच जोरात ब्रेक मारला. गाडी एका रेषेत, जागच्या जागी उभी. समोर किल्ल्याची काळी भिंत आणि लाटांचा आवाज.

‘‘ब्रेक बरे असत,’’ मामा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, समोरच बघत, ‘‘जा. पण शिकान ये.’’

परतीच्या रस्त्यावर भाऊ मला म्हणाला, ‘‘येईन गं. पण येऊन करू काय?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते पुण्यातल्या आणि चाकणमधल्या मोठ्या केबिन्समध्ये आहे. भाऊ दोन महिन्यांनी जातोय. गाडी विकायची नाही, असं घरात ठरलंय. ती विजयदुर्गला मामांच्या खळ्यात राहणार आणि बॅटरी उतरू नये म्हणून मामा दर रविवारी तिला पडेल कॅन्टीनपर्यंत चहाला नेणार आहेत.