रक्तातील पोटॅशियम वाढते तेव्हा

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एक रुग्ण येतो. ताप नाही, जखम नाही. 'पायांत शक्तीच राहिली नाही' एवढीच तक्रार. त्याची मूत्रपिंडे निकामी झालेली असून डायलिसिसची एक पाळी चुकली आहे, असे कळताच डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता हृदयाचा विद्युत्-आलेख (ईसीजी) काढावयास सांगतात. पाय दुबळे, मग तपासणी हृदयाची का?

मित्रहो, प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते. त्यातील ९८ टक्के पेशींच्या आत! रक्तद्रवात ते लिटरमागे अवघे ३.५ ते ५ मिलिमोल, तर पेशीत सुमारे १४०. पेशीच्या पटलातील 'पंप' अहोरात्र पोटॅशियम आत घेतात व सोडियम बाहेर टाकतात. आतबाहेरच्या या तफावतीमुळेच पटलावर विद्युत्-दाब टिकतो; हृदयाच्या स्नायूत तो सुमारे ९० मिलिव्होल्ट असतो. बाहेरचे पोटॅशियम वाढले की हा दाब घटतो. मग पायांचे स्नायू दुबळे होतात आणि हृदयातील विद्युत्-संदेश मंदावतात. आलेखातील 'टी' लाट तंबूसारखी टोकदार होते, पुढे लाटा रुंदावतात आणि हृदय बंद पडू शकते. कधी कधी आलेख अगदी साधा दिसतो, हे मात्र फसवे!

जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे. म्हणून आपण आजाऱ्याला प्रेमाने देतो ते शहाळ्याचे पाणी अशा रुग्णाला घातक ठरू शकते.

पण पोटॅशियम केवळ खाण्यापिण्यातूनच वाढते असे नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले, तेव्हा ढिगाऱ्यांखालून जिवंत काढलेली माणसे पुढे दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ साली अशा रुग्णांचे वर्णन केले. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडतात, आणि फुटलेल्या पेशींतील पोटॅशियमही रक्तात येते. (रक्त काढताना नळीतच तांबड्या पेशी फुटल्या, तर अहवालातील आकडा खोटाच वाढतो, मग नमुना पुन्हा घ्यावा लागतो.)

आता उपचार पाहा. प्रथम शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम तिळभरही कमी होत नाही, पण हृदय काही काळ सावरते. मग इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत परत ढकलते. रक्तातील साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज असते. एवढ्याने काही तास मिळतात. पेशींत दडवलेले पोटॅशियम पुन्हा बाहेर येणारच. तेवढ्या वेळात आपल्या रुग्णाची चुकलेली डायलिसिसची पाळी पुरी करावी लागते.